हातगुणाचा हिशेब

समजा, पंचेचाळिशीतल्या एका माणसाला मेनिअरचा आजार आहे. महिन्यातून दोन-तीनदा त्याच्या उजव्या कानात आधी दडे बसतात, मग घरघर सुरू होते, ऐकू येणे मंदावते आणि पाठोपाठ सगळी खोली गरागरा फिरू लागते. उलट्या होतात, डोळे उघडवत नाहीत, भिंत धरून मोरीपर्यंत जाणेही जमत नाही. दोन-चार तासांनी झटका ओसरतो. दुसऱ्या दिवशी माणूस थकलेला असतो, पण बराचसा पूर्ववत. हा माणूस भारतात किंवा जर्मनीत राहत असेल, तर त्याच्या हाती बहुधा बीटाहिस्टीनच्या गोळ्या पडतील. अमेरिकेत असेल, तर ते औषध नेहमीच्या केमिस्टकडे मिळणारच नाही, कारण तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची त्याला मान्यता नाही. तिथे लघवी वाढवणारी गोळी मिळेल आणि मीठ मोजून खायला सांगतील. जपानमध्ये आयसोसॉर्बाइडचे पातळ औषध प्यायला देतील (हृदयविकारात जिभेखाली ठेवतात ती गोळी वेगळी, नावाच्या साम्यामुळे गोंधळ होतो). स्वीडनमध्ये तर विशेष प्रक्रिया केलेल्या ओटचा नाश्ता सुचवणारेही डॉक्टर आहेत. आणि देश तरी कशाला बदलायला हवा? ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ९४ टक्के डॉक्टर बीटाहिस्टीन देत होते, पण कानामागचे हाड कोरून करायच्या एका शस्त्रक्रियेबाबत मात्र निम्मे तज्ज्ञ एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला होते. त्यांची पुस्तके तीच, परीक्षा त्याच, आणि आरोग्यसेवाही एकच.

अशी तफावत दिसली की दोन स्पष्टीकरणे आपल्या ओठांवर तयारच असतात. डॉक्टरांना नीट कळत नाही, हे एक. आणि औषध कंपन्यांचे साटेलोटे, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण नामांकित विद्यापीठांतले, कुणाकडून काही न घेणारे, आयुष्यभर याच आजारावर काम केलेले लोकसुद्धा एकमेकांशी इतके असहमत का, हे त्यांतून कळत नाही. मला वाटते, मूळ या आजाराच्या स्वभावातच आहे. इतर बहुतेक आजारांत अनुभव डॉक्टरला शहाणा करतो. इथे तोच त्याला फसवतो. जो जे देईल त्याला त्याचा गुण आलेला दिसतो, आणि प्रत्येकाच्या पदरी खरोखरीचे, डोळ्यांनी पाहिलेले यश जमा होत जाते. मग माघार कुणी आणि का घ्यावी?

आजाराची थोडी ओळख करून घेतली की हे स्पष्ट होईल. आंतरकर्ण म्हणजे कानशिलाच्या हाडातली वेड्यावाकड्या वळणांची पोकळी. ऐकण्यासाठी शंखासारखी नळी, तोल सांभाळण्यासाठी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन लहान पिशव्या, असा तिथला संसार. या सगळ्यांच्या आतून एक पातळ पडद्याची नळी फिरते आणि तिच्यात एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्यकीय प्रमुख प्रोस्पेर मेनिअर यांनी १८६१ साली मांडले की, चक्कर, कानातला आवाज आणि बहिरेपण ही तिन्ही लक्षणे एकत्र येतात तेव्हा दोष आंतरकर्णात असतो. तोवर अशा झटक्यांना मेंदूतला रक्तसंचय समजत आणि रुग्णाचे रक्त काढत. मेनिअर पुढच्याच वर्षी वारले. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि त्यांच्याशी काही संबंध नसताना जपानमध्ये ओसाकाच्या यामाकावा यांनी, मृत रुग्णांच्या कानशिलाचे हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतली नळी फुगलेली होती, द्रव तुंबला होता. आजाराचे कारण सापडले, असे सर्वांना वाटले. पण बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयात जतन केलेल्या हाडांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक अडचणीची गोष्ट पुढे आली. मेनिअर असलेल्या प्रत्येकाच्या कानात द्रव तुंबलेला होता हे खरे. पण द्रव तुंबलेल्या प्रत्येकाला मेनिअर नव्हता. काही जणांना हयातीत एकदाही तशी चक्कर आल्याची नोंद नव्हती. म्हणजे तुंबणे हे कारण आहे, की दुसऱ्याच कशाची खूण, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

तरीही गेल्या शंभर वर्षांतले बहुतेक उपचार तुंबण्याच्या कल्पनेवरच उभे आहेत, आणि कल्पना एकच असूनही त्यांनी किती उलटसुलट दिशा धरल्या हे पाहण्यासारखे आहे. १९३० च्या आसपास कोपनहेगनमध्ये मायगिंड आणि डेडरडिंग यांनी शरीरातले पाणीच कमी करावे म्हणून रुग्णांना पाणी बेताने प्यायला सांगितले. १९३४ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फर्स्टेनबर्ग यांनी दोष पाण्याचा नाही, सोडियमचा आहे असे मांडले आणि अळणी आहार सुरू केला. जगभर आज 'मीठ कमी करा' म्हणतात ते तिथून आले. पुढे २००६ साली जपानमध्ये नागानुमा आणि सहकाऱ्यांनी नेमके उलटे केले. रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज ३५ मिलिलिटर पाणी प्यायला लावले. साठ किलोच्या माणसाला दोन लिटरहून जास्त. भरपूर पाण्याने एक संप्रेरक दबते आणि कानातला द्रव ओसरतो, असा त्यांचा तर्क होता. त्यांचेही रुग्ण सुधारले. कमी पाण्याने गुण, जास्त पाण्यानेही गुण. बॉर्दोच्या पोर्टमन यांनी तर १९२० च्या दशकातच तुंबलेल्या द्रवाला वाट करून देण्यासाठी एंडोलिम्फच्या पिशवीपर्यंत शस्त्रक्रिया केली होती. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी द्रवाच्या भानगडीत न पडता कानातून मेंदूकडे जाणारी नसच कापली, आणि ती सहाशेहून अधिक रुग्णांची.

हे सगळे एकाच वेळी खरे कसे असेल? शिकागोचे कानतज्ज्ञ निकोलस टोरोक यांनी १९७७ साली पाव शतकातले शेकडो प्रबंध चाळले तेव्हा त्यांना दिसले की उपचार कोणताही असो, यशाचा आकडा साधारण ६० ते ८० टक्क्यांच्या घरातच येतो. नंतर १९८९ मध्ये अमेरिकेतले कानतज्ज्ञ हर्बर्ट सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी एक साधी, पण फार उपयोगी गोष्ट केली. ज्यांना शस्त्रक्रिया सुचवली होती, पण ज्यांनी ती करून घेतली नाही, अशा रुग्णांचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. दोन वर्षांनी त्यांतल्या ५७ टक्के लोकांची चक्कर पूर्ण थांबली होती. सरासरी आठ वर्षांनी ७१ टक्के लोकांची. पिशवीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचा दीर्घ मुदतीचा आकडाही जवळपास एवढाच, सत्तर टक्के. नस कापलेल्यांचा मात्र नव्वदच्या वर.

इथेच अनुभव फसवतो. मेनिअरचे झटके लाटांनी येतात. काही आठवडे अगदी नको करून सोडतात, मग महिनोन्महिने गायब होतात. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? झटके सर्वांत जास्त असताना. दुसऱ्या डॉक्टरकडे कधी जातो? पहिल्याच्या औषधाने वाईट काळ संपला नाही तेव्हा. शिखरावर पोचलेल्या माणसाला पुढे उतारच असतो, आणि त्या उताराच्या तोंडाशी जो डॉक्टर भेटेल त्याच्या हाताला गुण आला असे ठरते. आषाढात आठ दिवस पाऊस कोसळल्यावर जो उघडिपीसाठी नवस बोलेल त्याचा देव पावणारच, तसेच हे. शिवाय ज्यांना गुण येत नाही ते परत येत नाहीत, दुसरीकडे जातात. डॉक्टरच्या स्मरणात राहतात ते पेढे घेऊन येणारे. वीस वर्षे प्रामाणिकपणे प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला आपल्या औषधावर विश्वास बसला, तर त्यात त्याचा दोष नाही. त्याला तुलनेसाठी लागणारा, औषध न घेतलेला रुग्ण दवाखान्यात कधी दिसतच नाही.

तो रुग्ण मुद्दाम निर्माण करण्याचे धाडस कोपनहेगनमधल्या टॉमसेन, ब्रेटलाउ, टॉस आणि योनसेन यांनी केले. त्यांचा प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. तीस रुग्ण, सगळ्यांना मेनिअरचा जोर, सगळ्यांना औषधांचा उपयोग न झालेला. पंधरा जणांची नेहमीची शस्त्रक्रिया झाली: कानामागे चीर, मास्टॉइडचे हाड कोरणे, एंडोलिम्फची पिशवी उघडून तिच्यात द्रव वाहून जाण्यासाठी सिलिकॉनचा तुकडा. उरलेल्या पंधरा जणांनाही भूल दिली, तशीच चीर दिली, तसेच हाड कोरले. पिशवीला मात्र हात लावला नाही. कुणाचे काय केले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि नंतर तपासणाऱ्यालाही नव्हते. वर्षभर रुग्णांनी आपापली लक्षणे रोजच्या रोज लिहून ठेवली. दोन्ही गटांत सुमारे सत्तर टक्के लोक सुधारले, आणि नऊ वर्षांनीही चित्र तसेच राहिले. याच मंडळींपैकी काहींनी पुढे १९९८ मध्ये पिशवीच्या शस्त्रक्रियेची तुलना कानाच्या पडद्यात बसवायच्या छोट्या नळीशी केली; तिथेही फरक निघाला नाही. आता आक्षेप घेणारे म्हणतात, आणि ते चूक नाहीत, की तीस जणांचा प्रयोग लहान आहे. २००० साली अमेरिकेत वेलिंग आणि नागराज यांनी त्याच आकड्यांची वेगळ्या पद्धतीने छाननी करून काही बाबतींत खरी शस्त्रक्रिया सरस दिसते असे दाखवलेही. पण वाद इतक्या बारीक फरकावर येऊन थांबतो यातच उत्तर आहे. शस्त्रक्रियेचा प्रभाव तिच्या समर्थकांना वाटतो तेवढा मोठा असता, तर तो पंधरा-पंधरा जणांतही लपला नसता.

या शस्त्रक्रियेचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अवकाशात जाणारे पहिले अमेरिकन, ॲलन शेपर्ड. १९६१ च्या त्या उड्डाणानंतर त्यांना मेनिअरने गाठले आणि नासाने त्यांना जमिनीवर बसवले. काही वर्षांनी लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी त्यांच्या कानात नळी बसवून द्रवाला वाट करून दिली. शेपर्ड यांनी ती शस्त्रक्रिया खोट्या नावाने करून घेतली. मे १९६९ मध्ये त्यांना पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मधून ते चंद्रावर उतरले. हाउस यांच्या शिष्यपरंपरेत ही कथा आवडीने सांगितली जाते, आणि का सांगू नये? जमिनीवर तोल न सांभाळता येणारा माणूस चंद्रावर चालला. पण शेपर्ड शस्त्रक्रियेमुळे बरे झाले, की पाच-सहा वर्षांनी अनेकांचे झटके आपोआप थांबतात तसे त्यांचेही थांबले, हे एका माणसाच्या उदाहरणावरून कुणालाच सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया न केलेला दुसरा शेपर्ड असता तर तुलना झाली असती.

गोळ्यांची गोष्ट वेगळी नाही. बीटाहिस्टीन अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आले होते. मान्यतेसाठी दिलेला पुरावा कच्चा निघाला म्हणून काही वर्षांतच ती मान्यता काढून घेण्यात आली. युरोपात आणि आशियात ते टिकले आणि फोफावले. मग जर्मनीतल्या १४ केंद्रांनी मिळून एक मोठी चाचणी केली, ती २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. २२१ रुग्ण, तीन गट: एकाला रोज २४ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांइतका डोस, दुसऱ्याला रोज तीन वेळा ४८ मिलिग्रॅम, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. नऊ महिने. तिन्ही गटांत झटके कमी झाले, आणि सारखेच कमी झाले. यातली दाद देण्यासारखी गोष्ट अशी की चाचणी करणाऱ्यांत म्यूनिकचे मिखाएल स्ट्रुप प्रमुख होते, आणि जास्त डोस दिला तर बीटाहिस्टीन चांगले चालते असे आधी त्यांनीच, औषध नसलेल्या गोळीशी तुलना न केलेल्या निरीक्षणांवरून, मांडले होते. आपलाच अनुभव त्यांनी कसोटीला लावला. मिठाबद्दल तर अशी चाचणीच नाही: वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात मीठ किंवा कॉफी कमी करण्यावर एकही नीट केलेला तुलनात्मक प्रयोग सापडला नाही. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ दिलेल्या सल्ल्याची ही अवस्था. कॅलिफोर्नियातल्या ओटोनॉमी या कंपनीने कानाच्या पडद्यामागे सोडायचे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे जेल तयार केले. २०१७ मध्ये त्याची अमेरिकेतली चाचणी फसली, युरोपातली यशस्वी झाली, आणि २०२१ मध्ये निर्णायक ठरावी अशी तिसरी पुन्हा फसली. तेच औषध, तोच आजार, निकाल मात्र वेगवेगळे. कारण औषध नसलेले इंजेक्शन मिळालेले लोकही भरभर सुधारत होते.

यावर अनुभवी डॉक्टर एक वजनदार हरकत घेतात. चाचण्यांत सरासरी माणूस असतो, ते म्हणतात, आणि आमच्यासमोर बसलेला माणूस सरासरी नसतो. मेनिअर हा कदाचित एक आजार नसेलही. हे म्हणणे हलके समजू नये. स्पेनमधल्या लोपेस-एस्कामेस यांच्या गटाने रुग्णांचे पाच वेगळे प्रकार दाखवले आहेत: कुणाला अर्धशिशीची साथ, कुणाला घराण्याचा वारसा, कुणाला प्रतिकारशक्तीचा आजार. निदानाचीही तीच कथा. लाखात किती जणांना मेनिअर असतो याचे वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे ३.५ पासून ५१३ पर्यंत जातात. इतका फरक आजाराचा नसतो, मोजणाऱ्यांचा असतो. २०१५ साली तोलाच्या आजारांच्या अभ्यासकांच्या बाराणी सोसायटीने इतर संस्थांसह निकष घट्ट केले. वीस मिनिटे ते बारा तास टिकणारे किमान दोन झटके, त्या कानाचा खालच्या किंवा मधल्या पट्टीचा बहिरेपणा श्रवणचाचणीत नोंदलेला, त्याच कानात कमीजास्त होणारी लक्षणे, आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने त्याचा उलगडा होत नसणे. आपल्याकडे चक्करेचे खापर रक्तदाबावर, साखरेवर किंवा मानेच्या मणक्यावर फोडायची रीत जुनी आहे, तेव्हा हे निकष दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

रुग्ण वेगवेगळे, म्हणून उपचार वेगवेगळे, हा युक्तिवाद मला तरी मान्य करावासा वाटतो. फक्त वस्तुस्थिती तशी नाही. उपचार रुग्णाप्रमाणे बदलत असते, तर एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात वैविध्य दिसले असते आणि दोन देशांची सरासरी सारखी आली असती. प्रत्यक्षात उपचार बदलतो तो डॉक्टर कुठे शिकला, कुणाच्या हाताखाली शिकला आणि त्याच्या देशात काय विकले जाते यावर. याच वैद्यकशाखेचा एक जुना दाखला आहे. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासले आणि ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटले त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी ४६ टक्के मुलांना सुचवली. पुन्हा नकार मिळालेल्यांना तिसऱ्यांकडे नेले. त्यांनीही ४४ टक्के. मुलांच्या घशात काय आहे यापेक्षा साधारण निम्म्या मुलांना शस्त्रक्रिया लागते, हा डॉक्टरांच्या मनातला ठोकताळा जास्त पक्का होता. प्रत्येक डॉक्टर मात्र समोरच्या मुलाकडे पाहूनच ठरवतो आहे, असे मनापासून मानत होता.

दुसरी हरकत सामान्य माणसाच्या तोंडी जास्त असते: माझी चक्कर थांबली ना, मग गोळीने थांबली की आपोआप, काय फरक पडतो? बीटाहिस्टीन तसे निरुपद्रवी औषध आहे, मीठ कमी खाल्ले तर रक्तदाबाचेही भले होते. खरे आहे, आणि म्हणून या पातळीवरच्या तफावतीबद्दल फार आरडाओरड करावी असे मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना मेनिअर नसलेल्यांनाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभर मिठाहून कमी, सांगतेच. लोणचे, पापड आणि फरसाण आवरले तर बिघडणार काहीच नाही. थोडे सांभाळायचे ते इतकेच की म्हाताऱ्या माणसाने लघवीची गोळी आणि अळणी जेवण दोन्ही एकदम सुरू केले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पण गोळी निरुपद्रवी असली तरी तिच्यापायी तयार होणारा समज निरुपद्रवी नसतो. गोळीने गुण आला असे मानणारा डॉक्टर ती न लागू पडलेल्या रुग्णाला 'औषधाला दाद न देणारा' ठरवतो, आणि त्याला पुढच्या पायरीवर चढवतो. कदाचित त्या रुग्णाला फक्त आणखी सहा महिने हवे असतील. किंवा त्याला मेनिअर नसून अर्धशिशीची चक्कर असेल, जिचा उपचारच निराळा.

पुढच्या पायरीवर मात्र तफावत चालवून घेता येत नाही, कारण तिथे काही उपचार मागे घेता येत नाहीत. कानात द्यायचे इंजेक्शन घ्या: रुग्णाला आडवे झोपवून कानाचा पडदा बधिर करतात, बारीक सुईने पडद्यापलीकडच्या मध्यकर्णात औषध सोडतात, आणि कान वर करून सुमारे अर्धा तास पडून राहायला सांगतात. गिळू नका म्हणतात, नाहीतर औषध घशाकडे उतरते. तिथून ते एका पातळ पडद्यातून झिरपत आंतरकर्णात जाते. सिरिंजमध्ये काय भरायचे यावर सारे अवलंबून. स्टिरॉइड असेल तर ते कानाला सहसा इजा करत नाही. जेंटामायसिन असेल, तर ते तोलाच्या पेशी मारण्यासाठीच दिलेले असते. चक्कर थांबते ती तक्रार करणारा अवयव निकामी झाल्याने, आणि अधूनमधून त्याच्याबरोबर श्रवणशक्तीही जाते. या दोहोंची तुलना लंडन आणि लेस्टर इथे ६० रुग्णांवर झाली आणि २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन वर्षांनी जेंटामायसिनच्या गटात झटके ८७ टक्क्यांनी कमी झाले होते, स्टिरॉइडच्या गटात ९० टक्क्यांनी. अनेकांनी याचा अर्थ 'दोन्ही उत्तम' असा काढला. पण या चाचणीत काहीच न दिलेला तिसरा गट नव्हता, आणि वर पाहिले त्यावरून तिसऱ्या गटानेही बरीच मजल मारली असती असे मानायला जागा आहे. जेंटामायसिन खरोखर काम करते यात शंका नाही, पेशी मेल्या की झटका येणार कुठून? शंका आहे ती एवढीच की ज्यांना ते दिले गेले त्यांतल्या कितींना त्याची गरज होती.

मार्गदर्शक तत्त्वे हा गुंता सोडवतील, असे वाटणे साहजिक आहे. पण तीही याच मातीत उगवतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीची २०२० ची मार्गदर्शिका लघवीची गोळी किंवा बीटाहिस्टीन 'देता येईल' असे सौम्यपणे म्हणते. म्हणजे ज्या औषधाला त्यांच्याच देशात मान्यता नाही त्यालाही दार उघडे, आणि वर पुरावा अनिश्चित असल्याची कबुली. मला हा दुबळेपणा वाटत नाही. माहिती जेवढी आहे तेवढेच बोलायचे ठरवले की असेच बोलावे लागते. तोच सौम्यपणा दवाखान्यातही यायला हवा. 'हे घ्या, बरे वाटेल' असे सांगण्याऐवजी 'हे घेतले किंवा नाही घेतले तरी सहा महिन्यांत झटके कमी होण्याची शक्यता चांगली आहे, तोवर झटक्याच्या वेळी उलटी आणि गरगर थांबवणारी गोळी जवळ ठेवा' असे सांगितल्याने रुग्ण पळून जाईल, ही भीती मला अतिरेकी वाटते. उलट झटका कधी येईल या धास्तीत जगणाऱ्याला आजार आपोआप ओसरतो हे ऐकून जो दिलासा मिळतो, तो कोणत्याही स्ट्रिपवर छापलेला नसतो.

रुग्णाच्या हातात यात बरेच काही आहे. झटक्याची तारीख, तो किती मिनिटे टिकला, कोणता कान, त्याआधी ऐकू कमी आले का, एवढे चार रकाने असलेली वही डॉक्टरच्या स्मरणशक्तीपेक्षा आणि स्वतःच्याही स्मरणशक्तीपेक्षा जास्त भरवशाची. औषध सुरू करण्याआधीचे दोन-तीन महिने तिच्यात असावेत, म्हणजे उतार औषधाआधीच सुरू झाला होता का ते दिसते. आणि गोष्ट जेंटामायसिनपर्यंत, पुढे नस कापण्यापर्यंत किंवा आंतरकर्ण काढून टाकण्यापर्यंत आली, तर दुसऱ्या कानाकडे पाहायला विसरू नये. मेनिअर काही लोकांत वर्षानुवर्षांनी दुसऱ्या कानातही उतरतो. किती जणांत, यावर अभ्यासकांचे आकडे दहा टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंत विखुरलेले आहेत. आज ज्या कानाच्या तोलाच्या पेशी मारल्या, त्याची भरपाई मेंदू दुसऱ्या कानाच्या जिवावर करतो. म्हणून सुई टोचण्याआधी दुसऱ्या कानाची श्रवणचाचणी आणि तोलाची चाचणी झालेली असावी, तिचा कागद फाइलमध्ये असावा, आणि तो घेऊन वेगळ्या परंपरेत शिकलेल्या एखाद्या डॉक्टरचे मत घ्यावे. पहिल्या डॉक्टरला याचा राग येणार असेल, तर सुई आणखी महिनाभर पुढे ढकलायला ते एक चांगले कारण आहे.